हेलिकॉप्टरच्या पात्यांवरचा बर्फ उतरवणारी वायरिंग: आखणीपासून चाचणीपर्यंत

पात्याच्या पुढच्या धारेवर बर्फ धरला की उचल घटते, ओढ वाढते आणि तीच उंची टिकवायला टॉर्क (रोटर फिरवायला लागणारा जोर) चढत जातो. त्याहून वाईट म्हणजे एका पात्यावरचा बर्फ सुटतो आणि समोरच्यावरचा तसाच राहतो. मग अख्खं यंत्र हादरायला लागतं. यावरचा रूढ उपाय विजेचा आहे. धारेवरच्या धातूच्या आवरणाखाली हीटर मॅट चिकटवलेली असते. बर्फ काही मिलिमीटर जमू द्यायचा, मग त्याचा पात्याला चिकटलेला पातळ थर झटक्यात वितळवायचा, आणि उरलेलं काम फिरण्याच्या जोरावर सोडायचं. सगळा बर्फ वितळवायचा नसतो, फक्त त्याची पकड सोडवायची असते.

या यंत्रणेत मॅटवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण वायरिंगचा त्रास बहुधा तिच्या अलीकडे असतो. वीज स्थिर सांगाड्यातून फिरत्या रोटर हेडमध्ये (पाती जोडलेली असतात तो मधला भाग) जाते ती एक सीमा. हेडमधून वर-खाली, पुढे-मागे आणि स्वतःभोवती वळणाऱ्या पात्यात जाते ती दुसरी. सगळी कारागिरी या दोन सीमांवर खर्च करावी लागते. पुढचे आकडे समज पक्की व्हावी म्हणून उदाहरणादाखल दिले आहेत. प्रत्यक्ष काम त्या त्या मॉडेलच्या मंजूर मॅन्युअलप्रमाणे आणि सही करण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच होतं. मॅन्युअलचा आकडा आणि इथला आकडा वेगळा दिसला, तर मॅन्युअलचा खरा.

आधी विजेचा हिशेब

चार पात्यांचा मुख्य रोटर घेऊ. प्रत्येक पात्यावर ७ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पट्टा तापवायचा, म्हणजे १४,००० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ३.९ वॉट धरू. चौरस इंचाला २५ वॉट हा जो आकडा या क्षेत्रात वारंवार भेटतो, तोच हा. एका पात्याला ५४.६ किलोवॉट लागले, चारांना २१८. ब्लॅक हॉक या लष्करी हेलिकॉप्टरसारख्या यंत्रावर एकेका मुख्य जनरेटरची क्षमता ३० ते ४५ केव्हीएच्या (इथे ढोबळमानाने किलोवॉटच समजा) घरात असते. म्हणजे सगळं एकदम तापवणं शक्यच नाही.

म्हणून पट्ट्याचे विभाग पाडतात. सहा विभाग केले तर एका पात्याच्या एका विभागाला ९.१ किलोवॉट पुरतात. समोरासमोरची दोन पाती नेहमी एकत्र तापवायची असतात, तरच दोघांवरचा बर्फ एकाच वेळी सुटतो आणि तोल राहतो. जोडीला १८.२ किलोवॉट झाले. पुरवठा ११५/२०० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेज. दर फेजला साधारण ५३ अँपिअर प्रवाह येतो.

इथे एक चूक हमखास होते. विभाग आळीपाळीने चालू-बंद होतात, म्हणून मुख्य लाईनही थांबून थांबून चालणारी समजून बारीक तार निवडली जाते. पण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे विभागांना पाळीपाळीने वीज वाटणारा डबा, एक विभाग सोडून लगेच दुसरा पकडतो. पात्याकडे जाणारी एकेक तार विश्रांती घेते, डिस्ट्रिब्युटरपर्यंतची लाईन मात्र फेरी संपेपर्यंत अखंड ५३ अँपिअर वाहते. तिचा हिशेब सतत भाराचाच करा.

व्होल्टेजची घट तपासा. ८ गेजची विमानी तार घेतली (गेज कमी तितकी तार जाड) आणि जनरेटरच्या बसपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीपासून, मास्टपर्यंत, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यापर्यंत, १० मीटर अंतर असलं, तर तारेचा रोध सुमारे २३ मिलिओहम आणि घट १.२ व्होल्ट येते. ११५ व्होल्टच्या सतत भारासाठी ४ व्होल्टपर्यंतची घट चालते असा संकेत आहे, तेव्हा घटीच्या बाजूने ही तार बसते. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते हे लक्षात ठेवा. पुरे ४ व्होल्ट गेले तर व्होल्टेज साडेतीन टक्के कमी होतं आणि उष्णता सात टक्के. सांध्यांची आणि ब्रशची (फिरत्या कड्यावर टेकून वीज देणारा तुकडा) घट यात अजून धरलेलीच नाही. शिवाय तार जाड गुच्छातून जात असेल तर गुच्छामुळे आणि उंचीमुळे तिची क्षमता उतरवून धरावी लागते. त्यात ८ गेज नापास झाली तर ६ गेज घ्या, वजनाची कुरकुर नंतर ऐका.

सांगाड्यातली लाईन

हा भाग तुलनेने सोपा आहे. तिन्ही फेजच्या तारा एकमेकींत पिळून एकत्र न्या. वेगळ्या नेल्या तर त्यांचं चुंबकीय क्षेत्र कंपासला आणि रेडिओला छळतं. लोखंडी पत्र्यातून पार करायच्या असतील तर तिन्ही एकाच भोकातून. प्रत्येकीला वेगळं भोक पाडलं तर पत्राच तापतो. वळणाची त्रिज्या गुच्छातल्या सर्वांत जाड तारेच्या व्यासाच्या किमान दहापट ठेवा. दोन क्लॅम्पांच्या मध्ये हाताने दाबल्यावर तार अर्ध्या इंचापेक्षा जास्त झुकू नये. इंधनाच्या किंवा हायड्रॉलिकच्या नळीशेजारून जावंच लागलं तर तार वर आणि नळी खाली. उलट ठेवलं तर गळती थेट तारेवर येते.

गिअरबॉक्सच्या आसपास तापमान जास्त असतं. कथिलाचा मुलामा दिलेली तार १५० अंश सेल्सिअसपर्यंत, चांदीची २०० आणि निकेलची २६० अंशांपर्यंत चालते, अर्थात वरचं इन्सुलेशन त्या तोडीचं असेल तरच. निकेलच्या तारेला निकेलसाठीचाच लग (तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक) वापरा. भलताच लग दाबला की सांधा पहिल्या दिवशी छान दिसतो आणि मग हळूहळू तापत राहतो. ८ गेजच्या तांब्याच्या तारेवरचा क्रिम्प, म्हणजे दाबून केलेला सांधा, २२५ पौंड, म्हणजे सुमारे १०२ किलोची ओढ सोसायला हवा. दाबयंत्राची तपासणी तारीख उलटून गेली असेल तर नमुन्याचे दोन-तीन क्रिम्प ओढून बघण्यापेक्षा यंत्र बदला.

स्लिप रिंग: स्थिरातून फिरत्यात

मास्टवर कड्यांची चळत आणि त्यांवर टेकलेले ब्रश, एवढीच ही वस्तू. डिस्ट्रिब्युटर हेडवर बसवलेला असेल तर तीन पॉवर फेज आणि नियंत्रणाची थोडी कडी पुरतात. तो सांगाड्यात ठेवला तर दर विभागासाठी वेगळी कडी लागतात आणि चळत उंच होते. म्हणून बहुतेक रचनांत विभागवार वाटप हेडवरच होतं.

बसवताना कड्याचा पृष्ठभाग बोटाने पुसून बघायचा मोह आवरा, बोटाचं तेल राहतं. धागे न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ब्रशची लांबी, स्प्रिंगचा दाब आणि कड्याची डगमग मॅन्युअलप्रमाणे मोजून नोंदवा. मग एक साधी पण फार उपयोगी तपासणी: खालच्या आणि वरच्या टोकांमध्ये मीटर लावा आणि रोटर हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. कुठेही रोधाची उडी दिसली तर त्या कोनाला कड्यावर डाग किंवा खळगा आहे. डिजिटल मीटर सरासरी काढून ही उडी गिळून टाकतो, तेव्हा त्याची किमान-कमाल नोंदवण्याची सोय चालू करा किंवा काट्याचा मीटर घ्या.

ब्रश झिजतात त्याची धूळ कुठेतरी बसतेच. ती वीज वाहणारी असते. दोन कड्यांमधल्या इन्सुलेशनवर तिचा थर बसला आणि वर ओलावा आला की आधी गळती सुरू होते, मग कोळशासारखी काळी वाट पडते. ही वाट पुसून जात नाही. ती दिसली की तो भाग बाद. उंचावरच्या कोरड्या हवेत ग्रॅफाइटचा ब्रश झपाट्याने झिजतो, कारण त्याला वंगण पुरवायला हवेतली वाफच नसते. जास्त उंचीवर उडणाऱ्या यंत्राची झिज तळाशी उडणाऱ्याच्या वेळापत्रकाने मोजू नका.

डिस्ट्रिब्युटर आणि विभागांचा क्रम

एका पात्याला सहा विभाग आणि दर विभागाला तीन फेज धरले तर १८ तारा होतात. काही रचनांत एक फेज सगळ्या विभागांना सामायिक ठेवतात, मग १३ पुरतात. वजन वाचतं, पण त्या एका सामायिक तारेचा सांधा सुटला की पात्याचे सहाही विभाग एकदम दुबळे पडतात. सहा हीटर एकाच दिवशी बिघडत नसतात. असं चिन्ह दिसलं की पातं उतरवण्याआधी सामायिक पिन बघा.

प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना पाते क्रमांक, विभाग आणि फेज अशी खूण हवी. विभाग २ आणि विभाग ४ च्या तारा एका पात्यावर अदलाबदल झाल्या तर काय होतं पाहा. रोध सारखे असल्यामुळे यंत्रणेची स्वतःची चाचणी पास होते. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, तोही काही बोलत नाही. हवेत मात्र एका पात्याचा एक भाग तापतो आणि समोरच्याचा दुसराच, बर्फ असमान सुटतो आणि हादरे येतात. जमिनीवर हे पकडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, थर्मल कॅमेरा, त्याबद्दल पुढे.

नियंत्रकाला दोन माहित्या लागतात. बाहेरचं तापमान कमी तितका हीटर जास्त वेळ चालू. बर्फ जमण्याचा वेग जास्त तितका दोन फेऱ्यांमधला अवकाश कमी. तापमानाच्या सेन्सरची वायरिंग किरकोळ समजून उरकली जाते आणि तिथे फसगत होते. १०० ओहमचा प्लॅटिनम सेन्सर दर अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो. दोन तारांच्या जोडणीत खराब पिनने २ ओहम वाढवले तर नियंत्रकाला हवा पाच अंशांनी उबदार वाटते. उणे १२ ला तो उणे ७ समजतो, हीटर लवकर बंद करतो आणि बर्फाची पकड सुटतच नाही. तक्रार येते ती हीटर कमजोर असल्याची.

पात्याचं मूळ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ब्लॅक हॉकचा मुख्य रोटर मिनिटाला २५८ फेऱ्या मारतो. दर फेरीत पातं वर-खाली, पुढे-मागे आणि पिळात किमान एकदा जाऊन येतं. तासाला १५,४८० वेळा, ५०० तासांत ७७ लाख ४० हजार वेळा हेडपासून पात्यापर्यंतचा तो हातभर लांबीचा हार्नेस, म्हणजे बांधलेल्या तारांचा जुडगा, वाकतो. शिवाय मध्यापासून अर्ध्या मीटरवर सुमारे ३७ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३७ पट, बाहेरचा खेच असतो. २० ग्रॅमचा कनेक्टर तिथे जवळपास पाऊण किलोसारखा लोंबतो. जमिनीवर घट्ट वाटणारी बांधणी हा हिशेब करूनच पारखा.

हार्नेस लावण्याआधी पातं सगळ्या टोकांना नेऊन बघायचं. दोन माणसं लागतात. पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण पुढे, पूर्ण मागे, आणि या प्रत्येक ठिकाणी पिच (पात्याचा स्वतःभोवती वळण्याचा कोन) एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत. एकेकटी हालचाल तपासून भागत नाही. खाली झुकलेलं, मागे गेलेलं आणि पूर्ण वळलेलं असं एकत्र येतं तेव्हाच तार ताणली जाते. अशा सर्वांत वाईट स्थितीतही वळशात थोडी ढील उरली पाहिजे. पण ढील जास्त ठेवली तर वळसा भिरभिरतो आणि शेजारच्या डॅम्परवर (पात्याचे हेलकावे आवरणारा भाग) किंवा पिच हॉर्नवर (पिच बदलणारा दांडा) घासतो. वळसा अशा पातळीत ठेवा की हालचालीने तो उघडेल-मिटेल.

या वाकणाऱ्या टप्प्यात क्रिम्प नको, स्प्लाइस (तारेला तार जोडणारा सांधा) नको, क्लॅम्पची कड नको. प्लॅस्टिकचे टाय नकोत, त्यांची कड कापते. मेणाचा हात दिलेली लेसिंग टेप बांधा. तार बारीक धाग्यांची निवडा.

पाण्याबद्दल एक गोष्ट सांगाड्यावर शिकलेल्या माणसाला सहसा उमगत नाही. सांगाड्यात कनेक्टरच्या आधी तार खाली झुकवून ठेवतात, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. फिरत्या हेडवर मात्र ‘खाली’ म्हणजे ‘बाहेर’. तारेवरून पाणी टोकाकडे पळतं आणि वाटेत ज्या कनेक्टरची पाठ आतल्या बाजूला आहे त्याच्या मागच्या सीलवर दाबून बसतं. म्हणून कनेक्टरपाशी पोचण्याआधी तार बाहेर जाऊन पुन्हा आत वळली पाहिजे, म्हणजे पाणी वळणावरूनच उडून जाईल. जागा नसेल तर मागची बाजू पॉटिंगने (ओतल्यावर घट्ट होणारं सील) भरा. रिकाम्या पिनच्या भोकांत सीलिंग प्लग हवेतच. यंत्र जमिनीवर असताना बर्फ काढायला फवारलेलं ग्लायकोलही सीलमध्ये शिरतं आणि वाळल्यावर गळतीची वाट ठेवून जातं.

चारही पात्यांचे हार्नेस लांबी, वजन आणि क्लॅम्पच्या जागा या सगळ्यात सारखे हवेत. एकच बदलला तरी नंतर ट्रॅक (सगळी पाती एकाच पातळीत फिरतात का) आणि बॅलन्स (तोल) तपासा.

वीज कोसळली तर ती पात्याच्या टोकाकडून येते आणि हीटरच्या तारा तिला सोयीचा रस्ता वाटतात. धारेचं धातूचं आवरण आणि हेड यांना जोडणारी बाँडिंग पट्टी त्यासाठीच असते, आणि डिस्ट्रिब्युटरच्या तोंडाशी सर्ज रोखणारे घटक असतात. बाँडिंगचा पृष्ठभाग रंग खरवडून उघडा करा, जोडा, मग वरून सील करा. रंगावरच बोल्ट आवळलेली पट्टी दिसायला शाबूत असते, कामाला शून्य.

मोजमाप

आधी रोध, मग इन्सुलेशन, शेवटी वीज. क्रम बदलू नका.

आपल्या उदाहरणातला विभाग डेल्टात (तीन हीटर त्रिकोणात) जोडला असेल तर प्रत्येक बाजू १३.२ ओहमची, स्टारमध्ये (तिघांचं एकेक टोक एकत्र) असेल तर ४.४ ओहमची. गंमत अशी की कोणत्याही दोन टोकांमध्ये मीटर दोन्हीकडे ८.८ ओहमच दाखवतो. फरक कळतो तो तुटल्यावर. डेल्टाची एक बाजू तुटली तर एका जोडीवर २६.४ आणि उरलेल्या दोन्हींवर १३.२ येतात, आणि उष्णता दोन तृतीयांश उरते. स्टारची एक बाजू तुटली तर दोन जोड्या पूर्ण उघड्या दिसतात, एकीवर ८.८ राहतात आणि उष्णता निम्मी होते. पुरवठ्याचा एक फेज गेला तर दोन्ही जोडण्यांत निम्मीच उरते. हे तीन आकडे डोक्यात असले की बिघाड पात्यात आहे की लाईनीत, हे मीटर ठेवायच्या आतच ठरतं. चार तारांच्या पद्धतीने (दोन प्रवाहाला, दोन व्होल्टेज मोजायला) मोजा आणि पात्याचं तापमान बाजूला लिहा, नाहीतर हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला आकडा ताडून बघता येत नाही.

रोधाच्या मोजमापाची एक मर्यादा आहे. १२ गेजच्या विमानी तारेत ३७ धागे असतात. एका जागी त्यातले ३० तुटले आणि तुटलेला टप्पा सेंटिमीटरभर असला, तर रोध वाढतो फक्त पाव मिलिओहमच्या आसपास. ८.८ ओहमच्या मंडलात तो कोणालाच दिसणार नाही. उरलेले सात धागे पुढच्या उड्डाणात तापतील आणि तुटतील. तेव्हा मुळापाशी मीटरवर नाही, बोटांवर विसंबा. वळसा चिमटीत धरून इंच-इंच पुढे सरका. कुठे तार लुळी लागली, कुठे आतून करकरली, कुठे आवरण चकचकीत घासलेलं दिसलं, तर हार्नेस बदला. अॅल्युमिनियमच्या क्लॅम्पपाशी करडी-काळी भुकटी दिसली तर तिथे घर्षण चालू आहे असंच समजा.

इन्सुलेशनसाठी ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, एक मिनिट. त्याआधी डिस्ट्रिब्युटर आणि नियंत्रकाचे कनेक्टर काढलेत याची दोनदा खात्री करा, मेगरने त्यांची इलेक्ट्रॉनिक्स मरते. मापन हीटर ते धारेचं आवरण आणि हीटर ते पात्याचा सांगाडा असं दोन्ही करा. कार्बनचा सांगाडा वीज वाहतो हे विसरू नका. मग धारेवर पाण्यात थोडा साबण मिसळून भिजवलेलं कापड पाच-दहा मिनिटं पसरा आणि पुन्हा मोजा. कोरड्यात उत्तम आणि ओल्यात कोसळलेला आकडा म्हणजे आवरणाला डोळ्यांना न दिसणारी चीर आहे.

शेवटी वीज. जमिनीवर हीटरला थंड करणारा वारा नसतो, त्यामुळे राळ जळायला फार वेळ लागत नाही. मॅन्युअलमध्ये चालू ठेवण्याची जी वेळ आणि बाहेरच्या तापमानाची जी मर्यादा दिली आहे ती घड्याळ लावून पाळा. पात्यांजवळ माणूस नको, बाँडिंग जोडलेलं हवं. थर्मल कॅमेऱ्याने समोरासमोरच्या जोडीचं चित्रण करा. दोन्ही पात्यांवर तोच विभाग त्याच क्षणी उजळला पाहिजे. अदलाबदल झालेल्या तारा इथे लगेच उघड्या पडतात. विभागात एखादा काळा डाग दिसला तर तिथे मॅट सुटलेली किंवा तुटलेली आहे. भोवतीपेक्षा जास्त उजळ ठिपका दिसला तर वीज ताबडतोब बंद. विभागाची पाळी संपल्यावरही तो तापतच राहिला, तर डिस्ट्रिब्युटरमधला स्विच चिकटला आहे, आणि दुसरी चाचणी त्याच डिस्ट्रिब्युटरवर करायची नाही.

ड्रूप स्टॉपचे, म्हणजे पाती फार खाली झुकू न देणाऱ्या अडसरांचे, हीटर या चाचणीत बऱ्याचदा विसरले जातात. हे अडसर बर्फाने अडकले तर रोटर थांबताना पाती जास्त खाली झुकतात आणि शेपटीच्या नळकांड्यावर आपटू शकतात. त्यांच्या हीटरचा रोध वेगळा मोजून त्याच पानावर लिहा.